मांजराला शुगर निघाली, आता घरी कसं सांभाळायचं?

वाचकांचे प्रश्न, पशुवैद्यांची उत्तरं

गेल्या अंकात वय झालेल्या मांजरांबद्दल लिहिलं आणि त्यावर आलेली बरीच पत्रं एकाच गोष्टीवर निघाली, की आमच्या मांजराला डायबेटिस सांगितलाय, आता काय करू. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत आणि सगळी जागा यालाच दिलीय. पहिलं पत्र जरा मोठं आहे पण पूर्ण छापतोय, कारण त्यात जे विचारलंय ते जवळपास प्रत्येकाच्या मनात असतं.

प्रश्न : डॉक्टर, आमचा पिंट्या 10 वर्षांचा आहे, नसबंदी झालेला, कायम घरातच. पावणेसात किलोचा गुबगुबीत बोका होता तो दोन-तीन महिन्यात साडेपाचवर आला, खायला मात्र सारखा मागतो, पाणी तर इतकं पितो की बाथरूममधल्या बादलीत तोंड घालून बसतो आणि लिटरमध्ये, म्हणजे त्याच्या शी-शूच्या वाळूत, लाडवाएवढे गोळे. शेवटी मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालायला लागला तेव्हा घाबरून दवाखान्यात नेलं. शुगर 412. ग्लार्जिन इन्सुलिन लिहून दिलंय, एक युनिट दिवसातून दोनदा. टोचायचं कसं ते दाखवलं पण गर्दी होती, घाईत मला काही धड कळलं नाही. मी आणि मिस्टर दोघंही नोकरीला, मी 7.10 ची लोकल पकडते. सासूबाई म्हणतात म्हाताऱ्या जिवाला सुया कशाला, कारल्याचा रस पाजा. तीन रात्री झोप नाही. मला हे जमेल का? आणि तो जगेल का? – पिंट्याची आई, डोंबिवली

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, जगू शकतो, आणि चांगला जगू शकतो, खेळत, खिडकीत बसून कबुतरं बघत. डायबेटिस नीट सांभाळलेली मांजरं वर्षानुवर्षं राहिलेली मी बघितलीत. आणि तुम्हाला जमणार, कारण ज्या बाईनं पाणी किती प्यायला, गोळे केवढे झाले, पाय कसा टेकतोय हे सगळं टिपलंय तिचं निम्मं काम झालेलं आहे.

नेमकं झालंय काय ते थोडक्यात. मांजरांचा डायबेटिस बहुतेक वेळा माणसांच्या टाइप 2 सारखा असतो, म्हणजे इन्सुलिन तयार होत असतं पण वाढलेल्या वजनामुळे शरीर त्याला दाद देत नाही, मग शुगर चढते आणि बरेच दिवस चढलेलीच राहिली की त्या शुगरनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दमून जातात. साधारण अडीचशे-पावणेतीनशेच्या वर गेली की ती लघवीत उतरते, सोबत पाणी ओढून नेते, म्हणून लघवी जास्त, म्हणून तहान जास्त. पोटात अन्न जातं पण पेशींपर्यंत पोचत नाही म्हणून भूक जास्त आणि वजन मात्र उतरतं. पाय टेकतात ते नसांवर परिणाम झाल्यामुळे, आणि शुगर आटोक्यात आली की काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत बऱ्याच मांजरांचे पाय पुन्हा उचलले जातात, तेव्हा त्यावरून हातपाय गाळू नका.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. मांजर घाबरलं तरी त्याची शुगर चढते, नुसतं पिंजऱ्यातून रिक्षात आणि रिक्षातून दवाखान्यात आणलं तरी तीनशेच्या वर जाऊ शकते. त्यामुळे एकट्या एका आकड्यावर कुणी डायबेटिस म्हणालं तर लघवीत शुगर आहे का ते बघायला सांगा आणि फ्रुक्टोसामाइन नावाची रक्ततपासणी मागा, त्यात मागच्या एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवशीची घाबरगुंडी त्यात येत नाही. पिंट्याची लक्षणं इतकी स्पष्ट आहेत की मला शंका वाटत नाही, तरी झाली नसेल तर करून घ्या कारण पुढे सुधारणा मोजायला तोच आकडा कामी येतो. लघवीत इन्फेक्शन आहे का आणि दात किडलेत का हेही त्याच फेरीत बघा, कुठेही पू साठलेला असला की इन्सुलिन लागू पडत नाही. आणि मागच्या काही महिन्यात खाजेसाठी वगैरे स्टेरॉइडचं इंजेक्शन झालं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, त्यानेही डायबेटिस उपटतो.

आता सुई. सगळ्यात आधी सिरिंजकडे बघा, हे मी ठळक अक्षरात छापा म्हणून संपादकांच्या मागे लागलो होतो. आपल्याकडे मेडिकलमध्ये दोन प्रकारच्या इन्सुलिन सिरिंज मिळतात, लाल टोपीची एका मिलीला 40 युनिटवाली आणि केशरी टोपीची एका मिलीला 100 युनिटवाली. ग्लार्जिन एका मिलीत 100 युनिट असतं. ते केशरी टोपीच्याच सिरिंजने घ्यायचं. लाल टोपीच्या सिरिंजवर एकच्या रेघेपर्यंत भरलं तर प्रत्यक्षात अडीच युनिट जातात. माझ्याकडे एक ताई मांजर घेऊन धावत आल्या होत्या, डोस बरोबर, वेळ बरोबर, पण दुकानातून पुडकं बदलून आलेलं आणि ते कुणीच बघितलं नव्हतं. टोपीच्या रंगावरही पूर्ण विसंबू नका, नळीवर काय छापलंय ते वाचा, प्रत्येक नवीन पुडकं आणलं की वाचा. 0.3 मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली मिळाली तर तीच घ्या, मांजराला अर्ध्या युनिटनेही फरक पडतो. आणि ग्लार्जिनमध्ये पाणी-सलाइन काही मिसळायचं नाही, ते बिघडतं.

दुसरं म्हणजे आख्खी 10 मिलीची बाटली घेऊ नका, त्यात 1000 युनिट असतात आणि पिंट्याला दिवसाला दोन लागणार. उघडल्यावर 28 दिवस असं लेबलवर लिहिलेलं असतं, तेवढ्यात तुमचे 56 युनिट संपतील आणि बाकी सगळं वाया. 3 मिलीचं पेन किंवा कार्ट्रिज, म्हणजे पेनमध्ये बसणारी इन्सुलिनची नळी, घ्या. पेनने एकेका युनिटनेच डोस फिरवता येतो, म्हणून अर्धं युनिट लागलं तर बरेच मांजरवाले कार्ट्रिजमधून सिरिंजने ओढतात, तसं करायचं असेल तर आत हवा भरायची नाही आणि एकदा सिरिंज घातल्यावर त्यालाच परत पेनची सुई लावायची नाही, कारण आत बुडबुडा शिरला की पेनचा डोस चुकतो. एका मिलीत 300 युनिट असलेलं ग्लार्जिनही मिळतं, त्याला हात लावू नका.

टोचायचं कसं. वाटीत खाणं ठेवा, तो खायला लागला की बाजूला बसा. मानेवरच्या चामडीपेक्षा बरगडीच्या बाजूला किंवा कुशीला टोचलेलं जास्त चांगलं लागू पडतं, जागा रोज थोडी बदला. दोन बोटांनी चामडी उचलली की खाली छोटा तंबू होतो, त्या तंबूत सुई तिरकी घालायची, दट्ट्या दाबायचा, बाहेर. सुई केसाएवढी असते, खाता खाता बहुतेकांना कळतही नाही. पहिले दोन दिवस रिकाम्या सिरिंजने संत्र्यावर किंवा जुन्या उशीवर हात बसवा. केस ओले लागले आणि औषध आत गेलं की बाहेर सांडलं कळत नसेल तर परत टोचायचं नाही. एक डोस हुकला तर काही होत नाही, पण डबल गेला तर जीव जाऊ शकतो.

पहिल्या महिन्यात मला तुमच्याकडून एवढंच हवंय. शुगर जास्त राहिली तर आज काही होत नाही, शुगर पडली तर आजच होतं. त्यामुळे पहिले काही आठवडे आकडा सुंदर आणायच्या मागे लागायचं नाही, पडू द्यायचं नाही एवढंच बघायचं.

वेळेचं म्हणाल तर बारा-बारा तासांनी. तुमची 7.10 आहे तर सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी साडेसहा-सात असं धरा. अर्धा-पाऊण तास इकडे तिकडे झालं तर आभाळ कोसळत नाही, मेगाब्लॉक असला की सासूबाईंना नाहीतर शेजारी कुणाला तरी शिकवून ठेवा. खरं तर सासूबाईंनाच शिकवा. त्यांचा जीव तुटतोय म्हणून त्या सुया नको म्हणतायत, एकदा स्वतःच्या हातानं टोचून बघितलं की त्याला काही दुखत नाही हे त्यांचं त्यांनाच कळेल. कारल्याचा रस, मेथी, जांभळाच्या बियांची पूड यातलं काही मांजराला पाजू नका. मांजर आधीच जोरानं पाजलेल्या गोष्टीला घाबरतं, मग खाणं सोडतं, आणि डायबेटिस असलेल्या मांजरानं खाणं सोडणं ही सगळ्यात वाईट गोष्ट आहे.

तो जेवलाच नाही तर? नुसता नखरा आहे आणि बाकी मजेत असेल तर दुसरं काहीतरी आवडीचं देऊन बघा, डॉक्टरांना फोन करून अर्धा डोस द्यायचा की टाळायचा ते विचारा. उलट्या होतायत, कोपऱ्यात पडून आहे, तोंडाला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा गोडूस वास येतोय, तर फोनची वाट बघत बसू नका, सरळ दवाखाना गाठा. शरीर चरबी जाळायला लागलं की रक्तात कीटोन साठतात, त्याला घरी इलाज नाही. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, एक डबी घरात असू द्या.

आणि शुगर पडली तर कसं ओळखायचं. चालताना झिंगल्यासारखं, मान टाकणं, टक लावून बघणं, अचानक खूप भूक, किंवा एकदम गप्प होणं, पुढे झटके. शुद्धीवर असेल आणि खात असेल तर लगेच खायला द्या, खात नसेल तर मध नाहीतर ग्लुकोजचं पाणी हिरड्यांवर बोटानं चोळा. बेशुद्ध असेल तर सिरिंजने तोंडात ओतू नका, फुप्फुसात जातं. मध चोळत चोळत निघा. मधाची छोटी बाटली फ्रिजवर डोळ्यासमोर ठेवा, स्वयंपाकघराच्या वरच्या फळीवर नको.

खाण्याबद्दल सगळ्यांनीच विचारलंय म्हणून इथेच लिहितो. मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी, पिठूळ पदार्थ पटापट वापरायची सोय त्याच्या लिव्हरमध्ये तोकडी असते. आणि आपण काय देतो, दूधभात, दूधपोळी, उरलेलं बिस्किट. हे सगळं बंद. दुधातही साखर असतेच. कोरडं खाणं म्हणजे किबलसुद्धा पिष्टाशिवाय दाण्याच्या आकारात बांधलंच जात नाही, त्यामुळे पाकिटावर चिकनचं चित्र असलं तरी आत पिष्ट भरपूर. घरी हिशोब करा, सोपा आहे. पाकिटावर प्रोटीन, फॅट, फायबर, मॉइश्चर दिलेलं असतं, राख म्हणजे खनिजं, ती दिलेली नसेल तर कोरड्यात 8 धरा, सगळ्याची बेरीज 100 मधून वजा केली की उरलं ते कार्ब, म्हणजे पिष्ट आणि साखर. समजा 30, 10, 4, 10 आणि राख 8, बेरीज 62, म्हणजे 38 टक्के कार्ब, फार झालं. ओल्या पाऊचचं तसंच करा, समजा 10, 4, 1, 82 आणि राख 2, बेरीज 99, उरला एक. ग्रेव्हीवाल्यात घट्टपणासाठी पीठ असतं, त्यापेक्षा लोफ किंवा पाते, म्हणजे घट्ट वडीसारखा प्रकार बरा. नुसतं उकडलेलं चिकन रोज देऊन भागत नाही, त्यात कॅल्शियम नसतं आणि मांजराला लागणारं टॉरिन नावाचं पोषकद्रव्यही पुरेसं मिळत नाही, अधूनमधून दिलं तर चालतं, तेही कांदा-लसूण-मीठ न घालता.

पण थांबा, उद्याच सगळं बदलू नका! इन्सुलिन चालू असताना कार्ब एकदम कमी केले की तोच एक युनिटचा डोस जास्त होतो आणि शुगर पडते. डॉक्टरांना सांगून, आठवडा-दोन आठवड्यात हळूहळू. आणि वजन कमी करायचं म्हणून उपाशी तर अजिबात ठेवायचं नाही, जाड मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की लिव्हरमध्ये चरबी भरते आणि तो वेगळाच जीवघेणा आजार.

प्रश्न : आमच्या मनीला दीड महिन्यापूर्वी शुगर निघाली. बाबांना पण शुगर आहे त्यामुळे घरात ग्लुकोमीटर होता, त्यावरच तपासतो. सकाळी 380 आला म्हणून एकाचं दोन युनिट केलं, दुसऱ्या दिवशी पण तेवढाच म्हणून तीन केलं. परवा संध्याकाळी पलंगाखाली झोकांड्या खात होती, मीटरवर 48. मध चाटवला, अर्ध्या तासात सावरली. आता मला सुई हातात घ्यायचीच भीती वाटते. मी चुकलो का? मीटर चुकीचा आहे का? – कोल्हापूर

उत्तर : दादा, मध लगेच चाटवलात हे फार बरोबर केलंत, त्यानं मनी वाचली. चूक झाली ती डोस रोज वाढवण्यात, आणि ही चूक सगळ्यात काळजी करणारी माणसंच करतात, कारण त्यांना 380 बघवत नाही. ग्लार्जिनचा पूर्ण परिणाम दिसायला काही दिवस जातात. आज वाढवलेल्या डोसचा हिशोब उद्याच्या सकाळी मागायचा नसतो. पाच-सात दिवस तोच डोस, मग बघायचं, वाढवायचं तर अर्ध्या युनिटनं, तेही डॉक्टरांना विचारून. आता मनीला नवीन डोस तुम्ही ठरवू नका, 48 आलाय हे आजच डॉक्टरांना सांगा, ते कमी करूनच देतील. बऱ्या होत असलेल्या मांजराची इन्सुलिनची गरज आपोआप कमी होते, मनीच्या बाबतीत तसंही असू शकतं, ते बघायला हवं.

मीटर चुकीचा नाही पण तो माणसाच्या रक्तासाठी बनवलेला आहे. मांजराच्या रक्तात साखर तांबड्या पेशींत फार कमी आणि पातळ भागात जास्त असते, त्यामुळे माणसांचा मीटर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा थोडा कमी आकडा दाखवतो. प्राण्यांसाठी वेगळे मीटर येतात पण त्यांच्या पट्ट्या महाग आणि सगळीकडे मिळत नाहीत, तेव्हा बाबांचाच वापरा, फक्त कायम तोच एक वापरा म्हणजे आकडे एकमेकांशी ताडता येतात. लॅन्सेट, म्हणजे रक्त काढायची बारीक सुई, मात्र मनीची वेगळी. सुईआधीचा आकडा, सुरुवातीच्या महिन्या-दीड महिन्यात तरी, 200 च्या खाली असला की टोचायच्या आधी डॉक्टरांना फोन.

रक्त कानाच्या कडेनं घ्यायचं. एका मोज्यात मूठभर तांदूळ भरा, जरा गरम करा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघा, मग मनीच्या कानाला मिनिटभर धरा, शीर फुगते. कडेच्या केसांवर व्हॅसलिनचं बोट फिरवा म्हणजे थेंब पसरत नाही, गोल बसतो. टोचताना कानामागे कापूस धरा नाहीतर लॅन्सेट आपल्याच बोटात जाते. थेंब आला की पट्टी लावा, मग अर्धा मिनिट कापसानं दाबून धरा आणि लगेच तिला आवडतो तो चिकनचा तुकडा. प्रत्येक वेळी. आठवड्याभरात मीटरच्या डब्याचा आवाज आला की मांजर स्वतः येऊन बसतं, हे मी कितीतरी घरांत बघितलंय आणि दरवेळी मला तितकाच आनंद होतो.

नुसता सकाळचा आकडा बघून काही कळत नाही हेही लक्षात घ्या. दोन-तीन आठवड्यांनी एका रविवारी घरीच कर्व्ह काढा. सुईआधी एक आकडा आणि मग दर दोन तासांनी पुढच्या सुईपर्यंत, सगळं वहीत. सगळ्यात खालचा आकडा कधी आणि किती आला त्यावरून डोस ठरतो. तो 80 ते 150 च्या मध्ये आला तर उत्तम. सकाळी 350 आणि दुपारी 90 असेल तर डोस वाढवायचा नसतो, आणि नेमकं हेच तुमच्या बाबतीत झालं असणार. दवाखान्यात ठेवून काढलेल्या कर्व्हपेक्षा मला घरचा जास्त पटतो, तिथे ती घाबरलेली असते. बारा तास टोचणं नको वाटत असेल तर माणसांच्या दंडावर लावतात तो चौदा दिवसांचा सेन्सर मांजराच्या पाठीवर केस काढून लावता येतो, कधीकधी तो आधीच निघून पडतो, पण जितके दिवस राहतो तितके दिवस रात्रीचेही आकडे मिळतात.

भीतीचं म्हणाल तर ती जाईल. आकडा आणि डोस दोन्ही वहीत लिहायला लागलात की जाईल.

प्रश्न : आम्ही राजापूरजवळ गावात राहतो. लाइट कधीही जाते, पावसात दोन-दोन दिवस येत नाही. इन्सुलिन कसं टिकवायचं? इथल्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर चांगले आहेत पण ते गाईगुरांचं बघतात. आणि गणपतीला घरात तीसेक माणसं असतात, त्यात चिंगीचं कसं करू? – एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : न उघडलेलं पेन फ्रिजमध्ये 2 ते 8 डिग्रीला, दारात नको आणि बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर दिसायला चांगलं दिसतं पण निकामी असतं, टाकून द्यायचं. उघडलेलं पेन 30 डिग्रीच्या आत असेल तर बाहेरही 28 दिवस चालतं, म्हणजे पावसाळ्यात दोन दिवस लाइट गेली म्हणून ते फेकायची गरज नाही, घरातल्या थंड अंधाऱ्या खोलीत ठेवा. खरी अडचण एप्रिल-मेची. ओल्या मातीच्या मडक्यात, पेन झिपच्या पिशवीत बंद करून ठेवायची रीत चांगली आहे, पण मडकं गार होतं ते पाणी उडून जाण्यामुळे आणि कोकणात हवाच इतकी दमट की विदर्भात जेवढं गार होतं तेवढं तुमच्याकडे होणार नाही. मडकं वाऱ्याच्या जागी, सावलीत ठेवा आणि आत एक साधा थर्मामीटर टाका. थर्मासमध्ये बर्फ ठेवत असाल तर पेन फडक्यात गुंडाळून, बर्फाला टेकू न देता. इन्सुलिन पाण्यासारखं नितळ दिसलं पाहिजे, गढूळ दिसलं की गेलं.

गुरांच्या डॉक्टरांना कमी लेखू नका. सुई कशी टोचायची, कीटोन म्हणजे काय, सलाइन कधी लावायचं हे त्यांना माहिती असतं, फक्त मांजराच्या डोसचा रोजचा सराव नसतो. एकदा मोठ्या ठिकाणी दाखवून या, मुंबईला येणं होत असेल तर परळचं बैलघोडा हॉस्पिटल आहे, घाटावर जात असाल तर शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, कोल्हापुरातही छोट्या प्राण्यांचे डॉक्टर आहेत. तिथून योजना कागदावर लिहून आणा आणि तो कागद गावच्या डॉक्टरांना द्या. पुढचं फोनवर आणि वहीच्या फोटोवर चालतं, माझे कितीतरी पेशंट असेच चालतात.

मासे द्या, तुमच्याकडे ताजे मिळतात हे चिंगीचं नशीब आहे, पण शिजवून आणि काटे काढून. कच्च्या माशांपैकी काहींमध्ये बी-1 जीवनसत्त्व मोडणारा घटक असतो. खारवलेली सुकी मासळी नको. आणि नुसते मासेच रोज असं नको, इन्सुलिनवरच्या मांजराचं खाणं रोज साधारण सारखं असलं पाहिजे.

गणपतीचं विचारलंत ते फार बरं केलंत, शुगर बिघडायचे दिवस तेच. चिंगीला माळ्यावर किंवा मागच्या खोलीत वेगळी जागा करा, तिचं पाणी, लिटर, अंथरूण सगळं तिथेच, आणि हे चार दिवस आधीपासून, म्हणजे तिला सवय होते. दारावर मोठ्या अक्षरात कागद लावा की हिला काही खायला देऊ नये. मुलं प्रेमानंच मोदकाचं सारण भरवतात, खीर चाटवतात, त्यांना जवळ बसवून सांगा, मुलं मोठ्यांपेक्षा चांगलं पाळतात. सुई देण्याचं काम मात्र एकाच माणसाकडे. घाईगर्दीत एकानं दिली आणि दुसऱ्यानं माहिती नाही म्हणून परत दिली असं होतं, आणि ते फार वाईट होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सकाळ-संध्याकाळ खूण करायची, खूण दिसली की हात लावायचा नाही. आरतीची वेळ आणि सुईची वेळ एकच येत असेल तर आधी सुई.

प्रश्न : मी न्यू जर्सीला असते. इथे मांजरांच्या डायबेटिसची गोळी मिळते असं कळलं, सुई नाही काही नाही. नाशिकला आईच्या मांजराला गेले चार महिने इन्सुलिन चालू आहे, आईचे हात थरथरतात. येताना गोळ्या आणू का? – एक वाचक

उत्तर : आणू नका. तुम्ही म्हणता ती औषधं खरी आहेत, बेक्साग्लिफ्लोझिन नावाच्या गोळीला अमेरिकेत डिसेंबर 2022 मध्ये मान्यता मिळाली आणि व्हेलाग्लिफ्लोझिन नावाच्या पातळ औषधाला 2023 मध्ये. ही औषधं जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर काढतात. पण ती गोळी आधी इन्सुलिन घेतलेल्या मांजराला द्यायची नाही असं तिच्या माहितीपत्रकातच आहे, आणि तुमच्या आईचं मांजर नेमकं तेच. शिवाय या औषधांवर असताना शुगरचा आकडा चांगला दिसत असूनही आत कीटोन साठू शकतात, म्हणजे मीटर बघून निर्धास्त बसता येत नाही, वरचेवर तपासण्या लागतात. त्याच जातीची माणसांची गोळी आपल्याकडे मेडिकलमध्ये मिळते, ती फोडून द्यायचा विचारही करू नका.

आईच्या हातांसाठी दुसरा मार्ग आहे. डोस पूर्ण युनिटमध्ये असेल तर पेन वापरू द्या, बारीक रेघा बघायला लागत नाहीत, फिरवलं की टिकटिक आवाज येतो. नाहीतर जवळच्या दवाखान्यातला कंपाउंडर सकाळ-संध्याकाळ घरी येऊन टोचून जाईल का ते विचारा, नाशिकमध्ये अशी माणसं मिळतात. आणायचंच असेल तर अर्ध्या युनिटच्या ठळक रेघांच्या सिरिंज आणि भिंग आणा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत साठवून दवाखान्यात द्यायला आईला सांगा, कचरा उचलणाऱ्यांच्या हातात जाऊ नयेत.

प्रश्न : आमच्या बोक्याचं इन्सुलिन कमी कमी होत पाच महिन्यांनी बंद झालं. महिना झाला, सुईशिवाय शुगर 90 ते 120. बरा झाला ना? आता पूर्वीसारखं खायला देऊ? – नागपूर

उत्तर : अभिनंदन, मनापासून! तुम्ही पाच महिने जे केलंत त्याचं हे फळ आहे. याला रेमिशन म्हणतात, म्हणजे पेशी परत कामाला लागल्यात पण पूर्वीच्या ताकदीनं नाही. पूर्वीचं खाणं द्यायचं नाही, दूधभात तर नाहीच, त्यावर तो परत घसरेल. घसरायची शक्यता खाणं पाळूनही असते, तेव्हा मीटर कपाटात टाकू नका. आठवड्यातून एकदा कानातून आकडा, पंधरा दिवसांनी वजन, तुम्ही त्याला घेऊन काट्यावर उभे राहा आणि मग तुमचं वजा करा. दिवसभराचं पाणी मोजून ठेवा, किलोमागे 100 मिलीच्या वर जायला लागलं तर ओल्या खाण्यावरच्या मांजरासाठी ते फारच जास्त आहे, लगेच तपासा. दुसऱ्या कुठल्याही दवाखान्यात कुठल्याही कारणानं नेलंत तर दारातच सांगा की याला डायबेटिस होता, स्टेरॉइड देऊ नका. त्याच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेननं लिहून ठेवा. आणि न उघडलेलं पेन उरलं असेल तर ते तारीख संपेपर्यंत फ्रिजमध्ये राहू द्या, पण शुगर परत चढली तर जुना डोस स्वतःहून चालू करू नका, आधी फोन करा.